जिपची गोळी

मेंढ्या विकून गावात राहायला जायचं की नाही, यावरून रसेल आणि ग्लेनिस या नवराबायकोत जुंपली आणि त्यांच्या टास्मानियातल्या शेतघरात अबोला सुरू झाला. आठवडा उलटला तरी कुणी माघार घेईना. आज सकाळी ग्लेनिस स्वयंपाकघरात आली, तर रसेल चीजच्या तुकड्यात सांधेदुखीची गोळी दडवून म्हाताऱ्या जिपपुढे धरत होता आणि ती लबाड कुत्री शेपटी हलवत होती. "थांब! मघाशीच दिलीय मी तिला!" ग्लेनिस ओरडली. रसेलने झटकन हात मागे घेतला. दिवसाला एकच गोळी, जास्त झाली तर पोटात रक्तस्राव होईल, असं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "घात झाला असता गं माझ्या हातून," तो पुटपुटला. "यापुढे मला विचारल्याशिवाय द्यायची नाही," ग्लेनिस म्हणाली. "म्हणजे रोज बोलावं लागणार?" त्याने विचारलं. "लागेलच," म्हणत तिने गोळी काढून चीज जिपला भरवलं.