नाजुकाची ड्यूटी

“एवढे ट्रे घासून टाक ना गं, माझा एक धडा राहिलाय,” म्हणत नाजुकाने पुस्तक उघडलंसुद्धा.

खमकीने बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात ब्लीचिंगच्या पाण्यात घातले. आता बोला! प्रसूतिगृहातली ही पाळी खरं तर नाजुकाची. पण वर्षभर हे असंच चाललं होतं. एकीने राबायचं, दुसरीने वाचायचं. नाजुका साध्या कामालाही दोन-दोन हातमोजे चढवायची, रोज न चुकता बोटांना तेल चोळायची. प्रसूतिगृहातल्या बायकांनी वर्षभरात तिचं हे नाव उगीच पाडलं नव्हतं.

“या सरकारी भरतीच्या पेपरात विचारतात काय, तर कुठली नदी किती लांब!” खमकी करवादली. “बाळाचा खांदा अडकला तर काय करायचं, ते विचारतात का कधी?”

“परीक्षेला हात लागत नाहीत बाई, डोकं लागतं.”

“म्हणूनच गेल्या वर्षी आपटलीस वाटतं!”

“पेपर अवघड होता,” नाजुका एवढंच म्हणाली.

एका खोलीत राहणाऱ्या जिवाभावाच्या मैत्रिणी. यंदा भरतीला दोघीही बसणार होत्या आणि जागा एकच होती, तरी नाजुका अभ्यास करताना खमकीलाही प्रश्न विचारायची. खमकीला नद्यासुद्धा तोंडपाठ झाल्या होत्या. तिची ही पहिलीच परीक्षा आणि शेवटचीही. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं. आई तर ‘पोरगी सरकारी नर्स होणार’ म्हणून साऱ्या आळीत सांगून मोकळी झाली होती.

परीक्षेच्या दिवशी दोघी वेळेवर पोचल्या. फाटकाशी रखवालदार बोटांचे ठसे घेण्याचं यंत्र घेऊन बसला होता. नाजुकाने अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला.

खमकीने टेकवला. लाल.

“पुसून ठेवा.”

पुन्हा लाल. मग दहाही बोटं झाली. रखवालदाराने तिचा हात उजेडात धरला. “अहो बाई, रेषाच नाहीत तुमच्या बोटांवर! सगळं गुळगुळीत.”

“रोज ब्लीचिंगमध्ये हात असतात हो! फोटो बघा ना, मीच आहे ही!”

“असाल. ठशाशिवाय आत सोडायचं नाही, असा नियम आहे.”

आत पहिली घंटा झाली. खमकीला रडूच फुटलं. बोटांनीच ती डोळे पुसू लागली.

“अगं, तू तरी सांग ना यांना!”

नाजुका दोन पावलं मागे आली. तिने खमकीची ओली बोटं हातात घेतली, मायेने कुरवाळली.

“नाही ऐकत गं ते. गेल्या वर्षी मीही अशीच रडले होते इथे, पेपर बघायलाही मिळाला नाही,” ती हळूच म्हणाली. “उगीच का वर्षभर तुला माझे ट्रे घासायला लावले?”