नेलपॉलिशचा ठिपका

इंग्लंडमधल्या स्किप्टन गावच्या बाजारात दानात आलेल्या जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. तिथून बेरिलने गुलाबाच्या नक्षीचे सहा कप विकत घेतले आणि "त्या दुकानातून नवे कप आणलेत" म्हणत चर्चमधल्या मैत्रिणीला, म्युरिअलला, चहाला बोलावलं. म्युरिअल घरात पडल्यापासून वृद्धाश्रमात होती. "पाय बरा झाला की लगेच घरी, आई," असं मुलगा दर रविवारी सांगायचा आणि त्या एका वाक्याच्या जोरावर ती काठी टेकत चालू लागली होती.

बेरिलचे स्कोन, चहासोबतचे छोटे गोडसर पाव, छान फुगले होते. तिने एकावर जॅम लावून वर साय घातली.

"आधी जॅम, मग साय! जन्म गेला तुझा, पण सुधारली नाहीस," म्युरिअल म्हणाली आणि तिने कप ओठाला लावला.

समोर बसलेल्या बेरिलला कपाच्या बुडाशी लाल ठिपका दिसला. चर्चच्या चहापानात भांड्यांची अदलाबदल होते म्हणून म्युरिअल आपल्या कपांना नेलपॉलिशचा असाच ठिपका लावायची. बेरिलने घाईघाईने हवापाण्याचा विषय काढला.

म्युरिअलने चहा संपवला, कप पालथा करून पाहिला आणि हळूच बशीत ठेवला.

"जपून वापर हो कप. आणि काय गं, त्या दुकानात माझं घर नाही ना दिसलं कुठे?"