पूर्ण मिनिट

फॅमिली डॉक्टरांच्या परवान्याची परीक्षा कॉम्प्युटरवर होते. हॉलमध्ये घड्याळ नेता येत नाही, केंद्राचा शिपाई म्हणून ते दारातच मी उतरवून घेतो.

त्या दिवशी पेपर संपत आला आणि टेबलांमधून फिरताना मलाच घेरी आली. शेजारच्या टेबलावरची मुलगी उठली. तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं आणि मनगट धरलं. तिच्या स्क्रीनवर पेपरची उरलेली सात मिनिटं पळत होती. हॉलमध्ये तेवढंच घड्याळ होतं. त्याच्याकडे बघत ती नाडी मोजू लागली.

“डॉक्टर, पेपर राहिलाय तुमचा. अर्धं मिनिट मोजा, पुरे,” मी म्हणालो.

“ठोका मधेच चुकतोय, काका. पूर्ण मिनिट मोजावं लागतं. बोलू नका.”

अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत तिनं हात सोडला नाही. तोवर तिचा पेपर आपोआप बंद झाला होता.

सहा महिन्यांनी ती पुन्हा माझ्यासमोर रांगेत उभी. मागची परीक्षा दोन मार्कांनी हुकल्याचं तिनंच सांगितलं. मला तिच्याकडे बघवेना. घड्याळासाठी मी हात पुढे केला.

तिनं आधी माझं मनगट धरलं. मागे रांग खोळंबली, पण तिनं पूर्ण मिनिट मोजलं आणि मगच घड्याळ उतरवलं.