समोरचा ठिपका

ते पत्र उत्तराविना पडून होतं. कोनमास्तरांना ते पाठ झालं होतं, तरी रोज कार्यशाळेत आल्यावर ते एकदा उघडत, वाचत आणि घडी करून पुन्हा खिशात ठेवत.

लिहिणारी एक शिंपीणबाई होती. तिचा उजवा हात कृत्रिम होता आणि त्याच्या कोपरातला सेन्सर, म्हणजे हात किती वाकला तो कोन मोजणारा भाग, मास्तरांनी बनवला होता; ‘कोनमास्तर’ हे नावही त्यांना अशाच कामावरून पडलं होतं. तिने लिहिलं होतं, ‘हात छान आहे. फक्त कप ओठांच्या अलीकडे बोटभर थांबतो. मग मी मान वाकवते. घरात चालतं, पण चारचौघांत चहा घेणं मी सोडलंय. मापात मी सहसा चुकत नाही. इथे मात्र माझंच काहीतरी चुकत असावं. कप कसा धरू, ते कळवाल का?’

मास्तरांनी उत्तरं पुष्कळ लिहिली. प्रत्येकात ‘कदाचित’ येई आणि कागद टोपलीत जाई.

आजही त्यांनी तशाच घडणीच्या दुसऱ्या हातातला सेन्सर काढून तपासणीच्या टेबलावर बसवला. टेबलावर अंशांच्या खुणा असलेली पितळी चकती होती. ती फिरवायची आणि सेन्सर काय सांगतो ते पाहायचं. त्यांनी फिरवली. पुन्हा फिरवली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांची बायको शब्दकोडं सोडवत बसली होती. वकिली सोडली होती तिने, सवयी नव्हे.

“काय म्हणतोय?”

“बरोबर आहे म्हणतोय. चूक शून्य.”

“मग?”

“मग माझंच काहीतरी चुकत असेल.”

“ती बाईही तेच म्हणते.” तिने पेन्सिल कानावर अडकवली. “अहो, दोन आरोपी एकाच गुन्ह्याची कबुली द्यायला लागले ना, की मी तिसऱ्याला शोधायचे. सेन्सर बरोबर आहे असं सांगतंय कोण?”

“ही चकती.”

“आणि तिची साक्ष कोणी तपासली?”

“रोज तपासतो. दहा-दहा वेळा.”

“कशी?”

मास्तरांनी दाखवलं. चकतीवर एक लाल ठिपका, सेन्सरच्या कड्यावर एक. बसवताना गफलत नको म्हणून त्यांनीच ते रंगवले होते, तिच्याच नेलपॉलिशने. ठिपक्याला ठिपका भिडवायचा आणि स्क्रू आवळायचा. त्यात कधी खंड पडला नव्हता.

“एकाच साक्षीदाराला दहादा तोच प्रश्न विचारला म्हणजे दहा साक्षी होत नाहीत,” ती म्हणाली आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

मास्तरांनी चष्मा सारखा करून ठिपक्यांकडे पाहिलं. स्वतःवर संशय घेण्यात त्यांनी उभा जन्म घालवला होता. चकतीवर कधी घेतला नव्हता.

त्यांनी स्क्रू सैल केला. सेन्सरचं कडं अर्धा फेरा फिरवलं. आता एक ठिपका इकडे आणि दुसरा बरोबर समोर. सेन्सर तोच, चकती तीच. नुसता फिरवून बसवला म्हणून उत्तर बदलायला नको होतं.

बदललं.

चकती आसावर किंचित एका बाजूला बसली होती. इकडून जेवढं जास्त सांगत होती, तेवढंच समोरून कमी. ठिपक्याला ठिपका भिडवून त्यांनी प्रत्येक सेन्सरला तिचं लंगडणं शिकवलं होतं, तेही मोठ्या काळजीने. खरा कोन दोन उत्तरांच्या मधोमध होता.

मास्तरांचे हात भराभर चालू लागले. प्रत्येक कोन त्यांनी दोनदा घेतला, एकदा सरळ, एकदा समोरून, आणि मधले आकडे नव्या चिपमध्ये, म्हणजे ज्या आकड्यांवरून हात वाकतो ते साठवणाऱ्या तुकड्यात, भरले. मग सेन्सर त्या कृत्रिम हातात परत बसवला, पण चिप जुनीच ठेवली. हात स्टँडला लावून त्यांनी त्याच्या मुठीत पाण्याचा कप दिला.

“इथे बस. ताठ.”

हात वाकत वर आला आणि तिच्या ओठांच्या अलीकडे बोटभर थांबला.

“वाकू का पुढे? तहान लागलीय मला.”

“अजिबात नाही. साक्षीदाराने मदत करायची नसते.”

“बघा हं, कोण कुणाला कायदा शिकवतंय!”

“मान हलवू नकोस.”

त्यांनी जुनी चिप काढून नवी बसवली. हात खाली गेला, पुन्हा वर आला. कपाची कड तिच्या ओठाला टेकली. तिने एक घोट घेतला.

“पाणी कोमट आहे,” मग ती म्हणाली. “पण आलं.”

मास्तरांनी तिथेच, उभ्या उभ्या लिहिलं. ‘बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक माझ्या टेबलावरच्या चकतीची होती आणि ती मला उशिरा दिसली. सोबतची चिप कोपराच्या झाकणाखाली, जुनीच्या जागी बसवा. कप नेहमीसारखाच धरा. मान सरळ ठेवा. येईल.’

बायकोने कागद वाचला. “‘कदाचित’ कुठे गेलं?”

“या वेळी लागलं नाही.”

दोघं टपालपेटीपर्यंत चालत गेली. चिपमुळे पाकीट फुगलं होतं. मास्तरांनी ते दाबून फटीतून आत सरकवलं. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला. एरवी ते बोटं घालून दोन-तीनदा चाचपत. आज ते पेटीला वळसा घालून मागच्या बाजूला गेले आणि कान लावून त्यांनी पत्र्यावर एक टिचकी मारली.

“काय म्हणतेय?” बायकोने पुढून विचारलं.

“पडलंय,” ते मागून म्हणाले.