पाचापासून छत्तीसपर्यंत

चारच. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. पायऱ्या चारच निघाल्या.

प्रश्न साधा होता. पाच या संख्येची छत्तीस करायची. मुभा दोनच गोष्टींची: दुप्पट करा, नाहीतर एक वजा करा. कमीत कमी पायऱ्या किती? छापील उत्तरसूची ठामपणे सांगत होती, सात. पाचाचे दहा, वीस, चाळीस. मग एकेक पायरी उतरत छत्तीस. समोरच्या उत्तरपत्रिकेतल्या परीक्षार्थीने मात्र दहा होताच एक वजा केला होता. नऊ, अठरा, छत्तीस. खेळ खलास. समासात पेन्सिलीने बारीक टीप होती: ‘एक आधीच वजा केला, म्हणून नंतरचे चार वाचले.’

त्या टिपेवरून परीक्षकाची लाल फुली गेली होती. प्रश्नाचे दोन्ही गुण कापलेले. एकूण चौतीस, उत्तीर्ण व्हायला पस्तीस लागत.

तपासून आलेल्या उत्तरपत्रिकांवर शेवटची नजर टाकणे, हे बाईंचे काम. आज तिसरा दिवस. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते, टेबलावरच्या चहावर साय धरली होती. संतापायला लागते तेवढेही त्राण उरले नव्हते. तरी संताप आला. थंड आणि नेटका.

“ही सूची कोणत्या विद्वानाने तपासली?”

परीक्षाप्रमुख गठ्ठ्यांना सुतळी बांधून घेत होता. एके काळी तो बाईंच्याच वर्गात मागच्या बाकावर बसत असे.

“सोडा ना, बाई. उद्या निकाल. ज्याला शंका असेल तो फेरतपासणीचा अर्ज करेल.”

“म्हणजे चाराला सात म्हणायचे आपण, आणि अर्ज करत फिरायचे मुलांनी?”

“अशी असून असून किती असतील?”

“ते तुझे गठ्ठे सांगतील. मला नाव हवंय. असल्या माणसाला दारात उभं करू नये.”

त्याने कपाटातून फाइल काढली. उघडली, पण पुढे केली नाही.

“सूची चुकली की तपासणाऱ्यावर चौकशी बसते, बाई. निवृत्तीला तीन महिने उरलेलं माणूस असलं, तरी.”

मग त्याने नजर चुकवत फाइल सरकवली.

सही बाईंचीच होती. परीक्षेआधी एकाच बैठकीत अकरा सूच्या तपासायला पुढ्यात आल्या होत्या आणि त्यांनी अकराही ठिकाणी डोळे झाकून सह्या ठोकल्या होत्या. पाचाचे छत्तीस त्यांनी आज पहिल्यांदाच करून पाहिले होते.

“मी काही पाहिलं नाही,” तो हळूच म्हणाला. “फाइल ठेवून देतो. बोभाटा होईपर्यंत तुम्ही घरी बसलेल्या असाल.”

लाल फुलीखालची पेन्सिलीची ओळ बाईंनी पुन्हा एकदा वाचली. मग पेनचे टोपण काढले आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले: ‘उत्तरसूची चुकीची आहे. न सोडवता सही करणारी मी.’

“बाई, हे काय करताय?”

“एक वजा करतेय,” त्या म्हणाल्या. “दुप्पट व्हायच्या आत.”