नवा कन्व्हर्टर

मेकॅनिकच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स लांबच्या पल्ल्यात तापायचा. बायकोला शहरातल्या इस्पितळात नेताना दर खेपेला अर्ध्या वाटेत थांबावं लागे, आणि ती मागच्या सीटवर विव्हळत पडून राही. शेवटी त्याने गिअरबॉक्स खाली उतरवला आणि लॉकअपवाला टॉर्क कन्व्हर्टर बसवायला घेतला. आठ दिवस तो गाडीखालीच होता. जेवणाचीही शुद्ध नव्हती.

नवव्या दिवशी तिला शेजारी बसवून तो हमरस्त्याला लागला. वेग वाढला, लॉकअप लागलं आणि इंजिनाची घरघर एकदम उतरली.

"बघ, आतापर्यंत इंजिनाचा जोर तेलातून घसरत चाकांपर्यंत जायचा. आता थेट जोडला गेला. तापणं नाही की थांबणं नाही. एका दमात इस्पितळाच्या दारात!"

तिने त्याच्याकडे मान वळवली.

"गेल्या खेपेला डॉक्टर तुम्हाला म्हणाले ना, आता यांना परत आणू नका, घरीच असू द्या? दाराआडून ऐकलं मी. मग एवढा आटापिटा कशाला केलात?"

त्याने रस्त्यावरची नजर हलवली नाही.

"मला दुसरं काय येतं गं?"