शेवटचा रविवार

"महिनाभर वेगवेगळं काम करायचं आणि मग कॉन्फ्लिक्ट सोडवत बसायचं, ही काय पद्धत झाली?" नव्याने आलेली प्राची स्क्रीनवरून म्हणाली. "रोज थोडं थोडं मर्ज करू या ना. कॉन्फ्लिक्टच होणार नाही."

बरोबर होतं. वैशालीला तेच दुखत होतं.

मराठी टायपिंगचा मोफत कीबोर्ड. कोणीही घ्यावा, कोणीही सुधारावा. वैशाली आणि धम्मपालने तो सुरू केला तेव्हा दोघं डिलाईल रोडला समोरासमोरच्या चाळींत राहत होते. मग त्याची चाळ पाडली. घरचे पनवेलला गेले. काम मात्र चालू राहिलं. प्रत्येकाची आपली ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र प्रत. महिनाभर तिच्यात हवं ते करायचं आणि शेवटच्या रविवारी सगळं एकात मिसळायचं, म्हणजे मर्ज करायचं.

तोवर दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला असायचाच. हाच कॉन्फ्लिक्ट. अशा वेळी सॉफ्टवेअर हात वर करतं. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडतं. तुमचं तुम्ही बघा.

म्हणून धम्मपाल पनवेलहून तिच्या घरी यायचा.

एक लॅपटॉप, दोन डोकी. 'ळ' कुठल्या बटणावर, यावर अख्खी दुपार.

"पनवेलला गेलास आणि अक्कल इथेच विसरलास काय रे?"

"मुद्दाम ठेवली. म्हटलं, तुला लागेल."

वैशालीची आई, कमलाबाई, आदल्या दिवशीच विचारायची, "उद्या भांडण हाय ना गं तुमचं? मग सुकट आणते. धम्माला आवडते."

काम नसताना त्याला पनवेलहून बोलवायचं, ते कुठल्या तोंडाने?

पण आता कीबोर्डवर बरेच जण काम करत होते. महिना महिना अडकून राहायला कंटाळून दोन जण सोडूनही गेले होते. रोज मर्ज करणं हाच शहाणपणा. वैशालीला तो कळत होता. नको होता.

"धम्मपाल, तू बोल," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली.

नाही म्हण. एकदाच.

"प्राचीचं बरोबर आहे," तो लगेच म्हणाला. "माझीही खेप वाचेल."

खेप.

वैशाली "ठरलं मग" म्हणाली. कॅमेरा बंद केला. खिडकीसमोर, जिथे त्याची गॅलरी होती, तिथे पत्र्याचं कुंपण.

मग तिने नियमांचं पान उघडलं. जुनी ओळ होती: शेवटच्या रविवारी एकत्र बसून मर्ज करावं. तिने ती पुसली. नवी लिहिली. मर्जचं बटण दाबलं.

सॉफ्टवेअरने हात वर केले. तेवढ्यात आणखी कोणीतरी त्याच ओळीला हात लावला होता.

वैशाली: रोज मर्ज करावं. एकत्र बसण्याची गरज नाही.

धम्मपाल: रोज मर्ज करावं. शेवटच्या रविवारी तरीही एकत्र बसावं.

दोन्हींतली एक ठेवायची. एका क्लिकचं काम.

वैशालीने माऊसवरचा हात काढला आणि मोरीकडे वळून ओरडली, "आई, सुकट आण गं! भांडण झालंय!"